एक खातं, दोन माणसं

[दृश्य : सांगली, मार्केट यार्ड. हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या. मागे अडत दुकानाची पेढी.]

निवेदन : हळदीचे सौदे सुरू झाले की या पेढीचा हिशेब दोघं बघतात. दिवाणजी इथं गादीशेजारी बसून, आणि मालकांचा मुलगा पुण्याहून, एक्सआरडीपी लावून, म्हणजे दुरून डेस्कटॉप उघडून देणारा प्रोग्रॅम वापरून. कॉम्प्युटर एकच, उबुंटू लिनक्सवरचा. खातंही एकच, दोघांत मिळून.

[काळी स्क्रीन.]

एके दुपारी पुण्यात पासवर्ड बरोबर पडला आणि स्क्रीन काळी झाली. थोड्या वेळानं जोडणीच तुटली.

"दिवाणजी, लॉगआऊट केलंय ना तुम्ही?"

"कुलूप लावून आलोय की, दादा. जेवायला बसलोय."

मेख इथंच होती. स्क्रीन लॉक केली म्हणजे दुकानाला कुलूप लागलं. आतले दिवे-पंखे चालूच. सेशन, म्हणजे लॉगिन ते लॉगआऊटपर्यंतची बैठक, काही संपत नाही.

[टर्मिनलचं दृश्य.]

एसएसएचनं, म्हणजे दुरून नुसते टाइप केलेले हुकूम देत, मात्र आत जाता आलं, कारण तिथं डेस्कटॉप लागतच नाही. 'लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स' म्हणून चालू सेशनची यादी मागितल्यावर एकाच नावाच्या दोन ओळी आल्या. एकीपुढं 'सीट-झिरो', म्हणजे पेढीवरचा स्क्रीन-कीबोर्ड. दुसरीपुढं सीटच नाही. ती त्याची स्वतःची.

लिनक्सवर अनेकांनी एकदम काम करायला हरकत नसते. पण सिस्टमडी, म्हणजे लिनक्सचा पडद्यामागचा कारभार बघणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक खात्याला एकच व्यवस्थापक देतं आणि निरोपांची देवाणघेवाण करणारी डी-बसही एकच. सेशन कितीही असोत. पहिला ग्नोम, म्हणजे उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप, तिथं बसलेला असताना दुसरा आला, की त्याला माघारी फिरावं लागतं. एका म्यानात दोन तलवारी. फक्त इथं म्यान खात्यागणिक मिळतं, माणसागणिक नाही.

'टर्मिनेट-सेशन' आणि सेशनचा क्रमांक दिला असता, तर पेढीवरचं सेशन तिथल्या तिथं बंद झालं असतं. सेव्ह न केलेल्या हिशेबपट्ट्याही गेल्या असत्या. पोरगा शहाणा, थांबला. दिवाणजी आले, सेव्ह करून लॉगआऊट झाले. यानं एसएसएच बंद करून 10 सेकंद मोजले, कारण शेवटचं सेशन संपल्यावर व्यवस्थापक तेवढा वेळ रेंगाळतो. मग डेस्कटॉप उघडला.

[दृश्य : रविवार, बंद पेढी.]

पुढच्या रविवारी दोघांची वेगळी खाती झाली. वह्यांचं फोल्डर एका सामायिक गटाकडं दिलं. आता दोन्ही डेस्कटॉप एकदम चालतात. तीच वही दोघांनी उघडली, तर वही उघडणारा प्रोग्रॅम, लिबरऑफिस, आधी कोणी उघडलीय ते नावानिशी सांगतं.

पुण्याहून फोन अजून येतो.

"दिवाणजी, वही सोडता का जरा?"