शेवटचं कडवं कापू नका

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘निषेधगीत आणि समाजमाध्यमं’. त्याकडे येतोच. आधी ही वही बघा. मागच्या रांगेतल्यांना दिसत नसेल, पण तिचा वास तिथवर पोचला असेल.

ही माझ्या वडिलांची. दिवसा नाशिकरोडला प्रेसमध्ये पाळी करायची आणि एप्रिल उजाडला की रात्री आंबेडकर जयंतीच्या गायनपार्ट्या ऐकायला जायचं. मांडवात उकिडवं बसून, कंदिलाशेजारी, ऐकतील तसं लिहायचे. एखादं मधलं कडवं हुकलं तर तेवढी जागा कोरी ठेवायचे, पुढच्या वर्षी भरायला. शेवटचं मात्र कधी हुकू द्यायचे नाहीत. मी लहानपणी विचारलं, असं का? म्हणाले, “अरे, तिथं त्याची सही असते.” तुकोबांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ येतं ना, तसा लोककवी वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गाण्यांत शेवटी ‘वामन’ येतो. छापखाना नाही, रेकॉर्ड नाही, मग गाण्याचा धनी सांगायचा कुठं? गाण्यातच.

आता माझं दुखणं सांगतो. मागच्या वर्षी आपल्याच शहरात एका कार्यक्रमाला गेलो. मुलामुलींनी ‘आमचा वाटा कुठाय हो’ म्हटलं. काय म्हटलं हो! टाटा, बिर्ला, बाटा अशी नावं घेत सभागृह टाळ्यांवर आलं. मी खूश. हातातली पत्रिका उघडली, तर गाण्यापुढे छापलेलं: पारंपरिक लोकगीत. मला पुढचं काही ऐकू येईना. अहो, हे गाणं वामनदादांचं! वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ सालचा जन्म. सिन्नर इथून कितीसं लांब? २००४ साली त्यांनी देह ठेवला तोही याच नाशकात. या माणसाला शाळा मिळाली नव्हती. मुंबईत कुणीतरी पत्र वाचायला दिलं, वाचता येईना म्हणून डोळ्यांत पाणी आलं. मग अक्षरं शिकला, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत पक्का झाला. ज्यानं आपलं नाव लिहायला एवढे कष्ट घेतले, त्याचं नाव आपण पुसायचं?

संयोजक पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, “सर, आम्ही रीलवरून बसवलं. तिथं नावच नव्हतं.”

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. तर मुद्दा.

रीलनं गाण्याचं भलं केलंय, हे आधी कबूल करतो. जे लोक जन्मात आमच्या वस्तीत आले नसते, त्यांच्या कानावर हा सवाल गेला. शिवाय मुखडा मुळातच कोरससाठी असतो: तालावर, सवालासारखा, एकदा ऐकला की दुसऱ्यांदा सोबत म्हणता येणारा. २०२० साली रील आले तेव्हा पंधरा सेकंदांचे होते. मुखडा त्यात नेमका बसला. पण सभेत कोरस थांबला की शाहीर कडवं घ्यायचा आणि वाटा का मागायचा, कुणाकडं मागायचा, ते तिथं सांगायचा. कात्री लागली ती कडव्यांवर. सवाल फिरला, त्यामागचा हिशोब गेला आणि सगळ्यात शेवटी असलेली सही तर गेलीच.

काही जण म्हणतात, लोकांनी गायलं की गाणं लोकांचं. मान्य. पण नाट्यपदही लोक शंभर वर्षं गातात, त्याच्यापुढं आपण नाटककाराचं नाव छापतोच ना? मग वस्तीतल्या कवीच्याच वाट्याला ‘पारंपरिक’ का?

म्हणून तरुणांना एवढंच मागणं आहे. मुखडा खुशाल टाका, नाचा त्यावर. पण खाली पहिल्या ओळीत कवीचं नाव लिहा आणि अख्खं गाणं एकदा तरी चढवा. गायचं कुठून, असं विचाराल, तर ही वही घ्या. फोटो काढा, वाटा. कोरी राहिलेली कडवी कुणाच्या आजीला येत असतील तर मला फोन करा, मी लिहून घ्यायला येतो.

पोरांनो, या वर. पेटी लावा. आज शेवटापर्यंत म्हणायचं.