‘परवानगी नाही’ हे म्हणतंय कोण?

मंडळी, नमस्कार. ‘शेअर फोल्डरमध्ये सेव्ह होत नाही’ या एका वाक्यावर माझं घर वीस वर्षं चाललंय. तेव्हा त्या वाक्याला नावं ठेवणं मला शोभत नाही, पण आज थोडी ठेवतो. समोर लॅब असिस्टंट दिसतायत, पतसंस्थांचे संगणक सांभाळणारे दिसतायत, मागच्या रांगेत छापखान्यातलेही दोघंतिघं आहेत. म्हणून गोष्ट छापखान्याचीच सांगतो. त्यात चूक माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

दिवाळी अंकाचं काम होतं. त्या छापखान्यातला जुना विंडोजचा सर्व्हर आचके देत होता, म्हणून गणपतीच्या सुट्टीत मी नवा संगणक आणला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली आणि तिच्यावरची फोल्डरं विंडोजच्या मशीनना उघडून देणारा सांबा हा प्रोग्राम टाकला आणि सगळ्या फाईली हलवल्या. सगळ्यांच्या मशीनवरून फोल्डर उघडून दाखवलं, चहा घेतला, घरी आलो. नवरात्र संपता संपता ऑपरेटर ताईंचा फोन. “सर, फोल्डर उघडतंय, फाईल पण उघडते. पण सेव्ह करू देत नाही. परवानगी नाही म्हणतंय.”

मी विचारलं, “कोण म्हणतंय?”

“कोण म्हणजे? कॉम्प्युटर.”

इथेच गाडी अडते. कॉम्प्युटर नावाचा कुणी एकटा माणूस तिथे बसलेला नसतो. तुम्ही सेव्ह दाबता तेव्हा तुमची विनंती तीन-चार जणांच्या हातून जाते आणि त्यातला कुणीही एक जण नाही म्हणू शकतो. पडद्यावर मात्र सगळ्यांचा नकार जवळपास एकाच शब्दांत उमटतो.

जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. बाहेर दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती खोल्या, प्रत्येक खोलीला आपलं कुलूप. विंडोजच्या सर्व्हरवर फोल्डर शेअर केलं की दिंडीवर एक हक्कांची यादी लागते, ती शेअरची परवानगी. खोलीच्या दारावर दुसरी यादी असते, ती एनटीएफएसची, म्हणजे विंडोज डिस्कवर ज्या पद्धतीनं फाईली ठेवतं तिची. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही दारं ओलांडावी लागतात, आणि दोघांत जे कडक असेल ते लागू होतं. खोलीवर तुमचं नाव ‘फुल कंट्रोल’ म्हणून कोरलेलं असलं आणि दिंडीवर नुसतं ‘रीड’ असलं, तरी तुम्ही फक्त वाचणार. अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमधून फोल्डर शेअर केलं की ‘एव्हरीवन’ला आपोआप तेवढंच, म्हणजे वाचण्यापुरतंच मिळतं. आपण सिक्युरिटीच्या टॅबवर तासभर टिकमार्क करत बसतो आणि दिंडी तशीच अर्धवट लोटलेली राहते.

वाड्याचाच पुढचा भाग. जो आतच राहतो त्याला दिंडी लागत नाही. म्हणजे थेट सर्व्हरसमोर बसून फाईल सेव्ह केली तर शेअरची यादी बघितलीच जात नाही. म्हणून तो संवाद होतो, जो तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय: “माझ्याकडे तर होतंय!” सर्व्हरवर बसून होतंय आणि टेबलावरून होत नाही, तर आधी दिंडी बघा. माझं वैयक्तिक मत असं की दिंडी मोकळी ठेवावी, म्हणजे लॉगिन केलेल्या सगळ्यांना तिथे पूर्ण हक्क द्यावा आणि खरी कुलपं खोल्यांना लावावीत. दोन ठिकाणी कुलपं सांभाळणारा माणूस सहा महिन्यांनी कुठली किल्ली कुठली हे विसरतो. मी विसरलोय.

आता ‘डिनाय’बद्दल, म्हणजे स्पष्ट मनाईबद्दल. एखाद्याला लिहू द्यायचं नसेल तर त्याला परवानगी न देणं पुरेसं असतं. पण काही उत्साही मंडळी ‘डिनाय’चा चौकोन भरतात. एक माणूस तीन गटांत असतो. दोन गटांना परवानगी, तिसऱ्याला डिनाय, की संपलं. सातबाऱ्यावर एका भावानं हरकत नोंदवली की व्यवहार अडतो, तसंच. त्यातही गंमत आहे: वरच्या फोल्डरकडून वारशानं आलेला डिनाय आणि खालच्या फोल्डरवर थेट दिलेली परवानगी यांची गाठ पडली तर थेट दिलेली परवानगी जिंकते. हे डोक्यात ठेवायला जाऊ नका. फोल्डरच्या सिक्युरिटीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ उघडा, ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’मध्ये त्या माणसाचं नाव घाला, विंडोज हिशेब करून देतं.

पण थांबा. त्या माणसाचं नाव म्हणजे कुणाचं? इथे माझा निम्मा वेळ गेलाय आयुष्यातला. समोर बसलेल्या बाई आणि सर्व्हरला दिसणाऱ्या बाई एकच असतील असं नाही. कुणीतरी कधीतरी त्या मशीनवरून दुसऱ्याच्या नावानं सर्व्हर उघडून ‘पासवर्ड लक्षात ठेव’वर टिक केलेली असते. मग बाई रोज स्वतःच्या नावानं संगणक चालू करतात आणि सर्व्हरकडे मात्र दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाच्या नावानं जातात. कंट्रोल पॅनलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडा, तिथे ही भुतं सापडतात. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन नावांनी जोडायला गेलात तर विंडोज १२१९ नंबरची चूक दाखवतं. ती आली की आनंद माना, कारण भूत स्वतः बोललं.

गटांचंही तेच. तुम्ही दुपारी एखाद्याला ‘संपादन’ गटात घातलंत. यादीत नाव दिसतं, इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस म्हणतो हक्क आहे, तरी सेव्ह होत नाही. कारण लॉगिन करताना विंडोजनं त्याच्या खिशात जे ओळखपत्र घातलं ते सकाळचं आहे, त्यावर नव्या गटाचा शिक्का नाही. लॉग ऑफ करून पुन्हा आत या, झालं. नुसतं फोल्डर बंद करून उघडल्यानं होत नाही, स्क्रीन लॉक करूनही होत नाही. हे मी फोनवर इतक्यांदा सांगितलंय की घरातले पाठ म्हणून दाखवतात.

छापखान्याकडे परत येऊ, कारण तिथे विंडोजचा सर्व्हर नव्हता, सांबा होतं. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२च्या सुमारास विद्यार्थिदशेत सांबाच्या कामाला सुरुवात केली. विंडोजची फोल्डरं ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात तिचं नाव एसएमबी. त्यांच्या प्रोग्रामच्या आधीच्या नावावर दुसऱ्या एका कंपनीनं ट्रेडमार्कचा हक्क सांगितला, तेव्हा त्यांनी संगणकातल्या शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमानं येणारे शब्द शोधले आणि त्यात ‘सांबा’ सापडलं. ब्राझीलच्या नाचाशी संबंध एवढाच.

सांबाचा वाडा विंडोजपेक्षा वेगळा बांधलाय. दिंडीवर सांबाची स्वतःची सेटिंग, आत लिनक्सचे हक्क. लिनक्सचा साधा हिशेब तीन जणांचा: मालक, गट आणि इतर. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. तिन्ही मिळून ७. म्हणून ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं. अडचण आली की ७७७ मारायचं, हा आपल्या धंद्यातला अमृतांजन आहे. कपाळ कुठलंही असो, चोळायचं. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर तर ७७७ मारूनही कधीकधी सेव्ह होत नाही, कारण तिथे एसई-लिनक्स नावाचा आणखी एक पहारेकरी असतो आणि त्याला फोल्डरवर सांबाचं वेगळं लेबल लागतं.

सांबाची एक सवय फार फसवी आहे. ‘मॅप टू गेस्ट’ची सेटिंग ‘बॅड यूजर’ अशी असेल, तर ओळखीचं नसलेलं नाव आलं की सांबा त्याला हाकलत नाही, पाहुणा म्हणून आत घेतं. बहुतेक वेळा पाहुण्याला फाईली दिसतात, वाचता येतात, लिहिता येत नाहीत. माणसाला वाटतं आपण लॉगिन झालो. पाहुण्याला लिहायची मोकळीक असेल तर त्याच्या फाईली ‘नोबडी’च्या मालकीच्या होतात. फोल्डरात ‘नोबडी’ दिसायला लागला की ओळखीचा घोळ आहे असं समजायचं.

मी ताईंना फोनवर तीन गोष्टी करायला सांगितल्या. त्या फोल्डरात नवी नोटपॅडची फाईल करा. झाली. ती बदलून सेव्ह करा. झाली. ती काढून टाका. गेली. म्हणजे दिंडी उघडी, ओळख बरोबर, खोलीत लिहायला मुभा. मग म्हटलं, आता आर्टिस्टनं केलेली एखादी फाईल उघडून सेव्ह करा. तिथे नकार! दोन मिनिटांत कळलं की प्रश्न फोल्डरचा नाही, दुसऱ्यानं केलेल्या फाईलचा आहे.

चूक माझी म्हणालो ती ही. सांबात नवी फाईल जन्मते तेव्हा तिला कुठले हक्क द्यायचे हे ‘क्रिएट मास्क’ ठरवतो. आपण काही लिहिलं नाही तर तो असतो ०७४४. वाचा: मालकाला ७, गटाला ४, इतरांना ४. म्हणजे जो फाईल करेल तोच लिहिणार, बाकीच्यांनी नुसतं बघायचं. मी गट केला होता, सगळ्यांना त्यात घातलं होतं, फोल्डरला गटाचा हक्क दिला होता आणि ही एक ओळ लिहायची विसरलो होतो. ज्या दिवशी तपासलं त्या दिवशी जो तो आपापली फाईल उघडत होता, म्हणून सगळं छान दिसलं. आता मी कुठेही गेलो तरी दोन खुर्च्यांवरून तपासतो. एकानं केलेली फाईल दुसऱ्यानं बदलायची, मग पहिल्यानं परत.

मास्क ०६६४ केला, म्हणजे मालकाला आणि गटाला वाचायला-लिहायला, इतरांना नुसतं वाचायला. फोल्डरांना सेटजीआयडी लावलं, म्हणजे आत जन्मणारी प्रत्येक फाईल फोल्डरच्या गटाचं आडनाव लावते, करणाऱ्याच्या नाही. ताईंना फोन करून ऐटीत सांगितलं, झालं. दहा मिनिटांत उलट फोन: काही झालं नाही. बरोबरच होतं त्यांचं. मास्क फक्त नव्या फाईलींना लागतो, जुन्या आठवड्याभराच्या फाईली जुनेच हक्क घेऊन बसलेल्या. त्या सगळ्यांवर एकदा हात फिरवावा लागला.

इथे वर्ड आणि एक्सेलबद्दल एक सांगून ठेवतो. नोटपॅड त्याच फाईलवर लिहितं. वर्ड तसं करत नाही. ते शेजारी एक तात्पुरती फाईल करतं, त्यात सगळं लिहितं, मग जुनी बाजूला सारून नवीला जुनीचं नाव देतं. म्हणून त्याला त्या फोल्डरात फाईल करण्याचा, नाव बदलण्याचा आणि काढून टाकण्याचाही हक्क लागतो. कुणी काही उडवू नये म्हणून विंडोजवर नुसतं ‘राईट’ देऊन ‘मॉडिफाय’ राखून ठेवलंत, तर नोटपॅड चालेल आणि वर्ड रडेल. ‘लिहू दे पण पुसू देऊ नको’ हा साहेबांचा आवडता हुकूम वर्डच्या बाबतीत पाळता येत नाही. साहेबांना बॅकअप द्या.

बाकीचे सोंगाडे झटपट उरकतो. डिस्क किंवा कोटा, म्हणजे एकेकाला नेमून दिलेली जागा, भरलेला, डिस्क खराब होऊन लिनक्सनं ती वाचण्यापुरतीच जोडलेली, फाईल दुसऱ्या कुणी उघडून ठेवून जेवायला गेलेलं. यांत परवानगीचा काही संबंध नसतो, पण फोन त्याच शब्दांत येतो.

आणि ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ करून मोकळे होणाऱ्यांसाठी एवढंच. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, आलं, ते एसएमबीच्या जुन्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून पसरलं. पण बहुतेक रॅन्समवेअरला असं भोक लागतही नाही. एका मशीनवर शिरलं की त्या माणसाला जिथे लिहिता येतं ते सगळं फोल्डर ते कुलूपबंद करतं. हिशेबनिसाला अंकाच्या पानांवर लिहायचा हक्क कशाला?

छापखान्यात संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत झालं, एक फाईल सोडून. ताई म्हणाल्या, “हिला अजून परवानगी देत नाही.” म्हटलं, नक्की काय म्हणतंय ते वाचून दाखवा. त्यात परवानगीचा शब्दच नव्हता. मग फाईलचं नाव वाचायला सांगितलं. ते असं: ‘दिवाळी अंक संपादकीय अंतिम दुरुस्तीनंतरचा शेवटचा खर्डा संपादकांनी तपासलेला पान एक ते चार छपाईसाठी’, आणि पुढे वर्डची ‘.docx’ ही शेपटी.

लिनक्सच्या नेहमीच्या फाईल सिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाईटची मर्यादा असते; बाईट म्हणजे संगणकातल्या जागेचं माप. इंग्रजी अक्षराला एक बाईट लागतो, देवनागरीला तीन. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘श्री’ एवढं लिहिलं की बारा बाईट गेले. विंडोज बाईट मोजत नाही, त्यामुळे ताईंच्या डेस्कटॉपवर हे नाव १०१ चिन्हांचं, ऐसपैस बसलेलं. सर्व्हरवर तेच २६७ बाईट. मराठीत साधारण ८५ चिन्हांच्या पुढे गेलात की तिथे जागा संपते.

मी विचारलं, “ताई, एवढं नाव कशाला?”

“काय करणार सर,” त्या म्हणाल्या, “आठवडाभर जुन्या फाईलीवर सेव्हच होत नव्हतं. मग प्रत्येक वेळी नव्या नावानं करत गेलो. कुठली छापायची ते कळायला नको?”

फोल्डर उघडून बघितलं. एकट्या संपादकीयाच्या अकरा फाईली होत्या. रात्री संपादकांना बोलावलं, अकरा उघडून एकेक वाचायला लावल्या, आणि त्यांनी निवडली ती सातवी.