पितळी पातं म्हणजे खोटा खंजीर, हे कोणी ठरवलं?

नमस्कार मंडळी. आजचा विषय फिलिपिन्सचे तांब्या-पितळेच्या पात्यांचे खंजीर, आणि ते ओळखायचे कसे. ओळखायचं कसं ते सांगतोच, पण आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या.

आपल्या संग्राहकांना पितळी पातं दिसलं की झालं, लगेच "टुरिस्ट माल, पाकीट फोडायची सुरी" म्हणून बाजूला. आता टुरिस्ट माल आहेच, दुसऱ्या महायुद्धानंतर तर ढिगाने निघालाय. पण म्हणून सगळंच तसं? म्हणे पितळेला धार टिकत नाही. नाहीच टिकत! पण भोसकायला टोक लागतं हो, धार नंतर. आणि ते पातं केलं कशासाठी हे कोणी विचारतच नाही.

तिकडे अंतिंग-अंतिंग म्हणून तावीज असतात, मनिलात कियापो चर्चच्या बाहेर आजही गाड्यांवर विकायला असतात, त्यावर मोडकीतोडकी लॅटिन अक्षरं. ज्याच्या अंगावर तो आहे त्याला लोखंड लागत नाही, गोळी लागत नाही ही श्रद्धा. 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सामार आणि लेयते बेटांवरचे पुलाहान, म्हणजे तिथले धर्मवेडे बंडखोर, ह्याच भरवशावर हातात बोलो, म्हणजे कोयत्यासारखा लांब सुरा, घेऊन बंदुकांवर चालून गेले. मग असा माणूस समोर उभा राहिला तर काय करायचं? लोखंड त्याला लागत नाही ना, मग लोखंडच नको. तांबं घ्या, पितळ घ्या. जुने संग्राहक पितळी पात्याचं कारण हेच सांगतात, आणि मला ते पटतं, कारण त्याशिवाय पोलाद हाताशी असताना कोण शहाणा पितळेचं पातं करेल?

बरं, आता खरी तक्रार. मी जहाजावर नोकरीला होतो, मनिलाला थांबलो की जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घालायचो. एका दुकानात असंच एक पातं पाहिलं, वीतभर, दुधारी, मधल्या कण्याच्या बाजूला अक्षरं कोरलेली, खाचांमध्ये काळपट लाल थर आणि त्यावर हिरवं, म्हणजे वर्षानुवर्षं हवेत राहून आलेलं. पैसे नव्हते, म्हटलं ठेवा, पुढच्या फेरीला नेतो. पुढच्या फेरीला गेलो तर मालक हसत हसत बाहेर घेऊन आला, आरशासारखं! गिऱ्हाईक परदेशी म्हणून त्याने कलामान्सी, म्हणजे तिकडचं छोटं लिंबू, आणि राख घेऊन स्वतः घासलं होतं. आपल्याकडे सणाच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यातली उपकरणी चिंचेने घासतात ना, तस्सं. हात वर करा, कोणाकोणाच्या घरी आजोबांची वस्तू अशी "स्वच्छ" झालीये? बघा, अर्धा हॉल. तो थर हाच त्या वस्तूचा जन्मदाखला असतो हो, तो एकदा गेला की परत येत नाही, आणि आणायला गेलात तर अमोनियाची वाफ देऊन खोटा हिरवा आणावा लागतो. त्यात धोका वेगळाच. ब्रिटिशांच्या काळात आपल्याच देशात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची, घोड्यांच्या मुतातला अमोनिया, बाहेरून हात लावायची गरज नाही. काडतुसं घडवताना पितळेत ताण साठायचा, ठोकून केलेल्या पात्यातही तसाच ताण साठलेला असतो, त्यामुळे अमोनियाने तेही तडकू शकतं...

हो, दहा मिनिटं राहिलीत म्हणतायत. भरभर सांगतो.

पहिलं चुंबक लावा, पितळी मुलामा दिलेलं लोखंड तिथेच पकडलं जातं. मग पातं ओतीव की ठोकीव ते बघा. ओतकामाला कमी लेखू नका, लानाओ सरोवराच्या काठी तुगाया गावात मारानाव लोक मेणाचा नमुना करून त्यावरून पितळ ओततात, कसब केवढं आहे ते त्यांच्या भांड्यांवरच्या ओकिर नक्षीत दिसतं. पण ओतीव पात्यावर साच्याचा सांधा तसाच राहिलाय, कानसही फिरलेली नाही, तर घाईचा माल समजा. ठोकीव असेल तर तिरपा उजेड टाका, हातोडीचे ठोके दिसतात, कडेला दाट आणि पातं तिथे जास्त कडक, कारण ठोकल्याने पितळ कडक होतं. सगळीकडे एकसारखी जाडी आणि कडा सरळ कापलेल्या असतील तर तो बाजारचा पत्रा.

गुनोंगबद्दल वेगळं सांगतो, मोरो, म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधल्या मुस्लिम लोकांचा कमरेला खोचायचा खंजीर. त्याचं पातं पोलादाचं, पितळ मुठीच्या बांधणीला. पितळी पात्याचा गुनोंग कोणी जुना म्हणून विकत असेल तर दहा प्रश्न विचारा. मूठ आणि पातं एका वयाचे आहेत का तेही बघा, लाकूड पितळेला टेकतं तिथे जुना हिरवा डाग लाकडात खोल उतरलेला असतो, वरवर फासलेला नाही.

टेबलावर तीन पाती ठेवलीत, हातात घेऊन बघा, पण मुठीलाच धरा, घामाचा हात पात्याला लावू नका. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी मी तिथेच आहे.