मामांच्या सोसायटीची गच्ची

थंडीतले सकाळचे सात. पुण्यातल्या एका हॉटेलचा हॉल. बाहेर धड उजाडलेलं नाही, पण आत चाळीसेक माणसं छातीवर नावाचा बिल्ला लावून गप्पांत रंगली आहेत. सीए, केटरर, विमा सल्लागार, फर्निचरवाले. एकमेकांना ओळखीतून काम मिळवून द्यायचं, यासाठी ही मंडळी दर आठवड्याला जमतात. एका व्यवसायाचा एकच सभासद, हा इथला नियम.

ही पद्धत रुजली १९८५ साली, कॅलिफोर्नियात. आयव्हन माइसनर या सल्लागाराचं एक मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं. त्यानं ओळखीच्या व्यावसायिकांना एकत्र बसवलं आणि त्यातून बीएनआय, म्हणजे ‘बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी असाच सॅटर्डे क्लब सुरू केला.

आता या वॉटरप्रूफिंगवाल्यांकडे बघा. बोलायला जेमतेम मिनिटभर मिळतं. ‘कुणाला गरज असेल तर सांगा’ एवढंच म्हणून खाली बसणारे पुष्कळ. ऐकणारा मान डोलावतो आणि चहा संपेपर्यंत विसरून जातो. हे काय म्हणाले?

“मला पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटवा. वरच्या मजल्यावर छताला ओल आलेली असेल, पोपडे सुटले असतील, अशी सोसायटी.”

समोरच्या केटरर ताईंचा हात लगेच मोबाइलकडे गेला. त्यांच्या मामांची सोसायटी हुबेहूब अशीच!

ताईंनी नुसता नंबर दिला नाही. आधी मामांना फोन लावला. “माझ्या किचनच्या छताचं काम यांनीच केलंय. दोन पावसाळे झाले, थेंब नाही.” रेफरल म्हणायचं ते याला. नंबर लिहिलेली चिठ्ठी सरकवणं फार सोपं असतं.

हे ताईंना इतक्या खात्रीनं सांगता आलं, कारण दोघं एकमेकांचं काम जवळून बघून आलेत. त्यांनी ताईंचं किचन पाहिलंय, ताईंनी त्यांची साइट. दोन सभासद असे दोघंच भेटतात, त्याला इथे ‘वन टू वन’ म्हणतात. दर आठवड्याच्या मीटिंगला वेळेवर येणं तर हवंच. पण नुसत्या हजेरीवर कोण कुणाची शिफारस करणार?

तीन महिन्यांत एकही काम मिळालं नाही म्हणून नवे सभासद हिरमुसतात. त्यांची तळमळ खरी असते. पण माइसनरनं क्रम सांगून ठेवलाय: आधी लोकांच्या नजरेत या, मग विश्वास कमवा, मग धंदा.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती सवय मीटिंग संपल्यावर दिसते. काम बिघडलं, तर मामा बोलणार भाचीला. ताईंनी आपला शब्द पणाला लावलाय, आणि याची या गृहस्थांना पुरेपूर जाणीव आहे.

दुपारचे तीन. मामांच्या सोसायटीची गच्ची. हातोडीच्या दांड्यानं ते फरशी ठोकून बघतायत. एका कोपऱ्यात आवाज पोकळ येतो. तिथे खडूनं गोल काढतात, फोटो घेतात. काम मिळेल की नाही, ते सोसायटीच्या सभेत ठरेल.

जिना उतरता उतरता पहिला फोन लागतो.

“ताई, मामांकडे जाऊन आलो. उद्या कोटेशन देतो.”