घरात तांदूळ होता

[दृश्य: चिपळूणची बाजारपेठ. दुकानांच्या भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली चिखलाची रेघ.]

22 जुलै 2021. आदल्या रात्रीपासून कोसळणारा पाऊस, खाडीला आलेली भरती आणि वाशिष्ठी नदीचं चढत गेलेलं पाणी. उजाडेपर्यंत चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं होतं आणि दुपारपर्यंत सखल भागातले तळमजले त्यात बुडाले होते. माणसं वरच्या मजल्यावर, गच्चीवर, कौलांवर. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही. महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला, परशुराम घाटात दरड आली, रेल्वे थांबली. बाहेरून मदत निघाली होती, पण ती पोहोचायला वेळ लागणार होता.

मधल्या त्या वेळात घरात काय होतं, आणि जे होतं त्याचं काय करता आलं, एवढंच आपण पाहणार आहोत.

[दृश्य: नदीजवळच्या आळीतलं एक जुनं घर. स्वयंपाकघर. काकू कोठीच्या खोलीचं दार उघडतात.]

"तांदूळ होता ना घरात," काकू सांगतात. "आगोटीचं सगळं भरलेलं होतं. तांदूळ, कुळीथ, डाळी, तेलाचा डबा. पण सगळं इथे खाली. आम्ही वर माळ्यावर, आणि तांदूळ पाण्यात. सिलिंडर तर तरंगत पडवीत गेला हो! वर हाताला काय लागलं, तर लाडवांचा डबा आणि एक कळशी पाणी. तेही मुलाने जाता जाता उचललं म्हणून."

[दृश्य: जुनी कोठी, उतरंड, माळ्यावर जाणारी लाकडी शिडी.]

आगोट भरणं, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करून ठेवणं, कोकणाला नवीन नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या मुलखात जून ते सप्टेंबर घराबाहेर पडणं हाच एक कार्यक्रम असायचा. ओढे भरले की वाडी तुटायची. समुद्रावर होड्या बंद. आजही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यामुळे मे महिन्यात अंगणं भरून जायची. कुठे आमसुलं वाळताहेत, कुठे फणसाची साठं, कुठे सांडगे, कुठे सोडे आणि सुके बोंबील. गहू-डाळींना एरंडेल चोळायचं, तांदळात कडुलिंबाचा पाला आणि बिब्बे घालायचे, धान्य कडक उन्हात खडखडीत वाळवूनच कणगीत भरायचं. दाण्यात ओल राहिली तर बुरशी आणि टोके येणारच, हे सांगायला कुणी कृषी अधिकारी लागत नव्हता. गोव्यात हेच पुरुमेंत. मडगावला त्याच्या खरेदीसाठी पावसाच्या तोंडावर फेस्त, म्हणजे जत्रा, भरतं आणि खारवलेली मासळी, मिरच्या, चिंच, आमसुलांचे ढीग लागतात.

या बेगमीचं कौतुक खूप होतं. व्हायलाही हवं. पण पुराच्या दिवशी ती बहुतेक कामाला येत नाही, हेही मोकळेपणाने बोललं पाहिजे. ती भरलेली असते चार महिने बाजार लांब आहे म्हणून. विहीर घराशी आहे, चूल पेटती आहे आणि घर कोरडं आहे, हे तिथे धरून चाललेलं असतं. पुरात नेमक्या या तीनच गोष्टी जातात. विहिरीत पुराचं पाणी उतरतं, सरपण भिजतं, सिलिंडर वाहून जातो. मग तांदूळ समोर असून भात होत नाही.

अर्धा किलो तांदूळ धुवायचा, शिजवायचा, वर पातेलं घासायचं, की तीनेक लिटर पाणी सहज जातं. पुरात अडकलेल्या घरात तीन लिटर म्हणजे एका माणसाचं जवळजवळ दिवसभराचं पिण्याचं पाणी. शिवाय बेगमीतले निम्मे पदार्थ एकतर तळून खायचे, नाहीतर मिठात मुरलेले. लोणचं, खारवलेले बांगडे, सांडगी मिरची. खाल्लं की तहान लागते, आणि पाणी तर मोजकंच.

[दृश्य: सांगलीजवळ हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम.]

साठा कुठे ठेवला यावर किती अवलंबून असतं, ते पाहायला हरिपूरला यायला हवं. इथल्या मातीत खोल पेवं खणून त्यात हळद ठेवत. तोंड अरुंद, पोट मोठं. तोंड लिंपून बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. साठवणीची इतकी अचूक रीत क्वचितच सापडेल. 2005 च्या महापुराचं पाणी या पेवांत शिरलं, आणि पिढ्यान् पिढ्या चाललेल्या त्या रिवाजाला मोठा फटका बसला. रीत जमिनीखालची होती आणि संकट नदीतून आलं.

[दृश्य: आयर्विन पूल. पाण्याची पातळी मोजायच्या खुणा.]

ऑगस्ट 2019 मध्ये याच सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर. तिथे धोका 43 ला. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंद राहिला. ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलंच नाही, अशा कोल्हापूरकरांनाही तेव्हा दूध, भाजी, पेट्रोल मिळेना. आणि सगळ्यात मोठी थट्टा म्हणजे शहराला पाणी उपसून देणारी केंद्रंच बुडाल्याने नळ कोरडे. गावाभोवती समुद्र, आणि बायका कळश्या घेऊन टँकरच्या रांगेत.

म्हणून सुरुवात पाण्यापासून.

[दृश्य: ओट्यावर वीस लिटरचे दोन जार आणि एक कळशी.]

पिणं आणि जुजबी रांधणं धरून माणशी रोज चार लिटर पाणी लागतं. चौघांचं घर, तीन दिवस, म्हणजे अठ्ठेचाळीस लिटर. वीस-वीस लिटरचे दोन जार आणि वर एक आठ लिटरची कळशी. इतकंच. मोठा ड्रम भरून ठेवला की बरं वाटतं, पण तो ऐनवेळी माळ्यावर चढत नाही. एका माणसाला जिन्यावरून उचलून नेता येईल एवढंच भांडं घ्यावं. घरात म्हातारं माणूस एकटं असेल तर जारही नको, दोन-दोन लिटरच्या बाटल्या बऱ्या.

झाकण घट्ट हवं. पाण्यात हात किंवा पेला बुडवायचा नाही, एकतर तोटी लावलेली हवी, नाहीतर लांब दांड्याचं वगराळं. आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून, घासून, कोरडं करून पुन्हा भरायचं. डेंग्यूसाठी आरोग्यसेविका दारोदार जाऊन 'कोरडा दिवस पाळा' म्हणून सांगतात, तो साठवलेल्या पाण्यालाही लागू आहे. पुराच्या भीतीने पाणी साठवायचं आणि त्यातच डास वाढवायचे, असं झालेलं आहे.

[दृश्य: इमारतीची गच्ची. काळी टाकी. एक हात टाकीखालचा कॉक बंद करतो.]

इमारतीत राहणाऱ्यांनी गच्चीवरची टाकी ओळखून ठेवावी. पाचशे-हजार लिटर स्वच्छ पाणी आपल्या डोक्यावर असतं आणि पुराच्या पहिल्याच सकाळी ते संडासाच्या फ्लशमधून वाहून जातं. पाणी वाढतंय असं दिसताच टाकीचा कॉक बंद करायचा आणि सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून ते पाणी बादलीने वाटून घ्यायचं. संडासाला पागोळीचं पाणी धरावं. पाऊस तर पडतच असतो.

आता यातली खरी मेख. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलेलं असतं, सांडपाण्यासकट. वीज आली की कुणीतरी आनंदाने पंप चालू करतं आणि ती सगळी घाण वरच्या टाकीत जाऊन बसते. तिथून ती प्रत्येकाच्या नळाला येते. पंपाच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा, आणि सोसायटीत कुणाला तरी सांगून ठेवा की खालची टाकी उपसून धुतल्याशिवाय हात लावायचा नाही.

तुरटीबद्दलही एक गैरसमज आहे. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ दिसतं. जंतू मात्र मरत नाहीत. नितळलेलं पाणी गाळून घ्यायचं आणि खळखळून उकळी आल्यावर निदान मिनिटभर उकळत ठेवायचं. गॅस नसेल तर मेडिक्लोर, म्हणजे बाटलीत मिळणारं क्लोरिनचं द्रावण. बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब, आणि पुढे अर्धा तास धीर धरायचा. बाटलीवरची तारीख मेमध्येच बघून घ्यावी, कारण जुन्या क्लोरिनचा जोर गेलेला असतो.

[दृश्य: परातीत पातळ पोहे, खोबरं, कांदा. काकू हाताने कालवतात.]

खाण्याचं एकच बघायचं. विस्तवाशिवाय आणि फार पाण्याशिवाय ते पोटात जातं का? असं म्हटलं की यादी आपोआप तयार होते, आणि ती सगळी आपल्याच घरातली आहे. पातळ पोहे घ्या. ओलं खोबरं आणि कांदा असेल तर दडपे पोहे, नसेल तर नुसता गूळ. सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवलं की पोट भरतं, म्हाताऱ्यांना चावावंही लागत नाही. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या. सोलापूरकडची कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते. 2019 च्या पुरात सांगली-कोल्हापूरसाठी गावोगावच्या बायकांनी भाकऱ्या थापल्या आणि चटणीसह टेम्पोत भरून पाठवल्या, ते उगीच नाही. भाकरीला ताट लागत नाही, चमचा लागत नाही, हातावर घेतली की झालं.

बिस्किटं असू द्यावीत, मुलं तीच मागतात. पण नुसत्या बिस्किटांवर तिसऱ्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. ज्यांच्या घरी मधुमेहाचं माणूस आहे त्यांनी गूळ-खजुराच्या जोडीला फुटाणे-शेंगदाणे जास्त ठेवावेत, आणि आठवड्याच्या गोळ्या त्याच डब्यात. जुलाब लागले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंगावर पिणारं मूल असेल तर आईच्या वाटचं पाणी आणि खाणं आधी बाजूला काढायचं. बाळाचं जेवण तिथूनच येणार असतं.

[दृश्य: माळ्याखालच्या तुळईला ठोकलेले दोन हूक. त्याला टांगलेली जाड पिशवी.]

काकूंनी आता तुळईला हूक ठोकून घेतलेत.

"ह्या पिशवीत काय आहे काकू?"

"उघड की तूच. पोहे, गूळ, दाणे, मेणबत्त्या, काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये. सासूबाईंच्या गोळ्या. कागदपत्रांच्या झेरॉक्स. आणि हा बारका रेडिओ, सेल वेगळे काढून ठेवलेत, आत राहिले की गळतात."

"आणि कोठी?"

"कोठी आहेच खाली. भरायची सवय जाते थोडीच! पण आता एक पिंप वर. आणि पाणी अंगणात आलं की रेग्युलेटर काढून सिलिंडर खांबाला साखळीने बांधायचा, हे आमच्या ह्यांचं काम."

या पिशवीतला माल जुना होऊ देत नाहीत. गणपतीला पोहे-गूळ प्रसादाला लागतातच, तेव्हा पिशवी खाली उतरते. मे महिन्यात आगोटीच्या खरेदीबरोबर ती नव्याने भरली जाते. त्यासाठी वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही. दुकानातून मुद्दाम आणलेले परदेशी डबे मात्र कपाटात तसेच राहतात आणि उघडायला जावं तर मुदत संपलेली असते. खाणारं कुणी नसलं तर साठवून उपयोग काय?

[दृश्य: पाणी ओसरल्यानंतरचं अंगण. चिखल. फावडी.]

पाणी ओसरलं की खरी कसोटी बाईमाणसाची असते. धान्य भिजलेलं, पण पोतं आहे, फेकवत नाही. वाळवून दळून घेऊ असं मनात येतं. पुराच्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, शेतातली औषधं आणि उंदरांचं मूत सगळं असतं. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, त्यातूनच येतो. भिजलेलं पीठ, धान्य, मसाले, बरणीत पाणी गेलेलं लोणचं, सगळं टाकायचं. पत्र्याचा सीलबंद डबा फुगलेला किंवा गंजलेला नसेल तर साबणाने धुवून, क्लोरिनच्या पाण्यातून काढून वापरता येतो. टाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत ते सडकं धान्य घरात ठेवू नये.

विहीर पूर्ण उपसायची, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचं. किती टाकायचं ते पाण्याच्या मापावर ठरतं आणि ते ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला विचारावं. त्याच्याकडे क्लोरिन तपासायचं किटही असतं. तो हो म्हणेपर्यंत प्यायला माळ्यावरच्या जारमधलंच पाणी.