ईस्टरची रात्र आणि पुढचे पन्नास दिवस

नमस्कार मंडळी. ईस्टरवर बोला, असं आयोजकांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडून एक सवलत मागून घेतली. ईस्टरबरोबर मला धर्मग्रामाबद्दलही बोलू द्या, असं मी म्हटलं. ख्रिस्त मरणातून पुन्हा उठला, त्याचा हा सण, आणि तो एकट्याने घरात साजरा करावा असा नाही. समोर बसलेल्या बऱ्याच जणांनी चर्च बाहेरून पाहिलं असेल, नाताळात आत डोकावूनही पाहिलं असेल. ईस्टरच्या आदल्या रात्री आत काय चालतं, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. आज तेच सांगायचा विचार आहे.

आधी धर्मग्राम म्हणजे काय ते सांगते. एका चर्चच्या भोवतीचा ठरावीक भाग बिशप, म्हणजे त्या प्रदेशातले मुख्य धर्मगुरू, नेमून देतात. त्या हद्दीत राहणारा प्रत्येक कॅथलिक माणूस त्या धर्मग्रामाचा. त्यासाठी अर्ज नाही, वर्गणी नाही, कुणाची शिफारस नाही. तुम्ही घर बदललंत की धर्मग्राम बदलतो. म्हणजे उपासनेला शेजारी कोण बसणार, हे तुमच्या हातात नसतं. ज्यांच्याशी तुमचं जमत नाही, ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, ज्यांनी मागच्या वर्षी सोसायटीच्या बैठकीत तुमच्याशी वाद घातला, तेही त्याच बाकावर. मला यातच कॅथलिक परंपरेचं सगळ्यात मोठं शहाणपण दिसतं.

पुण्यात हे शेजार कसं जमलं, ते बघा. नाना पेठेतलं क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च तुम्हाला माहीत असेल. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ साली, पेशव्यांनी दिलेल्या जागेवर त्याची सुरुवात झाली. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांना उपासनेला जागा हवी होती. पुढे इंग्रजांची छावणी आली, तिच्यात आयरिश सैनिक होते, आणि त्यांच्यासाठी १८५० साली सेंट पॅट्रिक्स उभं राहिलं. एम्प्रेस गार्डनकडे जाताना दिसतं ते. १८८६ मध्ये पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आणि छावणीत कामाला तमिळ कुटुंबं आली, गोव्याहून कोकणी बोलणारी आली, केरळातून नर्स आणि शिक्षक आले, वसईकडचे लोक आले. आमच्यासारखी नगर जिल्ह्यातली मराठी कुटुंबंही आली. माझे आईवडील १९७२ च्या दुष्काळात पुण्यात आले. बांधकामावर काम मिळालं, राहायला पत्र्याची खोली मिळाली आणि पहिल्याच रविवारी त्यांनी चर्च शोधून काढलं. तिथे त्यांची भाषा बोलणारं कुणी नव्हतं, तरी आई म्हणायची की मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, सुरू झाल्यावर कुठे उभं राहायचं आणि कुठे गुडघे टेकायचे हे तिला कळत होतं, म्हणून तिला परकं वाटलं नाही.

आता सणाकडे येते. ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, ती आपल्या सणांप्रमाणे चंद्रावर ठरते. वसंतसंपातानंतर येणारी पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. त्याआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. मागच्या वर्षी ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, घरी नेलेल्या झावळ्या लोकांनी क्रूसामागे खोचून ठेवलेल्या असतात. वर्षभराने त्या परत चर्चमध्ये आणायच्या, त्यांची राख होते आणि तीच राख कपाळाला लागते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना मी दर वर्षी हे सांगते, आणि दर वर्षी कुणीतरी मूल घरी जाऊन भिंतीवरची झावळी काढून आणतं.

उपवासकाळाबद्दल जास्त बोलत नाही. दर शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे ख्रिस्ताच्या क्रूसापर्यंतच्या वाटचालीची प्रार्थना, असते, मांसाहार नसतो, खर्च वाचवून गरिबांसाठी दानाचा डबा भरायचा असतो. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी फादर, म्हणजे धर्मगुरू, बारा जणांचे पाय धुतात. २०१६ पासून पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने त्यांत स्त्रियाही असू शकतात. त्या गुरुवारच्या गौरवगीतानंतर चर्चच्या घंटा गप्प होतात, त्या शनिवारच्या रात्रीपर्यंत वाजत नाहीत. दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेला, मिस्सा होत नाही. वर्षभरात जगातल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा नसतो असा तो दिवस.

आणि मग शनिवारची रात्र. इथे मला थांबू द्या, कारण माझ्या दृष्टीने सगळं वर्ष या रात्रीसाठी असतं.

एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. या रात्रीच्या उपासनेला आम्ही जागर म्हणतो, पण कित्येक शतकं हा जागर रात्रीचा राहिलाच नव्हता. सरकत सरकत तो शनिवारी सकाळी येऊन ठेपला होता. भर उन्हात 'ही ती रात्र' असं गायचं, आणि चर्चमध्ये चारदोन माणसं. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी तो प्रायोगिक म्हणून पुन्हा रात्री आणला, आणि १९५६ पासून पवित्र आठवड्याच्या सगळ्या विधींची सुधारणा लागू झाली. आता नियम स्पष्ट आहे : काळोख पडल्याशिवाय सुरू करायचा नाही आणि उजाडण्याआधी संपवायचा.

एप्रिलमधलं पुणं तुम्हाला माहीत आहे. दिवसभर चाळीसच्या आसपास तापलेलं असतं, रात्री आठ-नऊला जरा वारा सुटतो. चर्चमधले सगळे दिवे बंद. लोक बाहेर अंगणात. तिथे नवा अग्नी पेटवतात, फादर त्याला आशीर्वाद देतात. मग पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती आणतात. तिच्यावर क्रूस कोरायचा, वर आल्फा, खाली ओमेगा ही ग्रीक वर्णमालेतली पहिली आणि शेवटची अक्षरं, आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू सालाचे चार आकडे. ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी धूपाचे पाच खडे तिच्यात रोवायचे. ती मेणबत्ती त्या अग्नीवर पेटवून अंधाऱ्या चर्चमध्ये न्यायची. वाटेत तीनदा थांबून 'ख्रिस्त हा प्रकाश' असं गायचं, आणि मग तिच्यावरून एक, त्या एकावरून दुसरी अशा सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या लागत जातात. आपली मेणबत्ती कुणाकडून पेटली हे कुणी बघत नाही. मागच्या वर्षी माझी पेटवली ती एका मुलाने, झारखंडहून आलेल्या सुरक्षारक्षकाने. वर्षभर तो मागच्या दाराशी उभा राहून मिस्सा ऐकायचा आणि ड्यूटीवर पळायचा.

त्यानंतर पास्काचं स्तुतिगान होतं. फार प्राचीन गीत आहे ते. आदामाच्या पापाला 'धन्य अपराध' म्हणण्याचं धाडस त्यात आहे, कारण त्या अपराधापायी एवढा तारणारा लाभला. आणि त्यातच मेण तयार करणाऱ्या मधमाश्यांचीही आठवण आहे. एवढ्या मोठ्या सोहळ्यात माश्यांच्या कष्टाची नोंद घेणारी उपासना मला फार जवळची वाटते.

मग वाचनं. बायबलच्या पहिल्या भागातून, जुन्या करारातून, सात नेमलेली आहेत. वेळ कमी असेल तर काही गाळता येतात, पण निर्गमच्या पुस्तकातलं समुद्र ओलांडण्याचं वाचन कधीही गाळता येत नाही. गुलामगिरीतून सुटलेली माणसं रात्री समुद्र पार करतात. तारण ही एकट्यादुकट्याची सुटका नाही, सगळ्या लोकसमूहाची आहे, हे त्या रात्री सगळ्यांच्या कानावर पडलंच पाहिजे, असं चर्चने ठरवून टाकलंय. वाचनं संपली की गौरवगीत सुरू होतं, सगळे दिवे लागतात आणि गुरुवारपासून गप्प असलेल्या घंटा वाजतात. लहान मुलं दचकून जागी होतात.

आणि आता ज्याच्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं, ते. पाण्याला आशीर्वाद दिला जातो, नव्या लोकांना बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याचा संस्कार, मिळतो, आणि नंतर सगळा समुदाय हातात पेटती मेणबत्ती धरून उभा राहतो. फादर विचारतात, सैतानाचा, त्याच्या कामांचा, त्याच्या पोकळ मोहांचा त्याग करता का? लोक म्हणतात, करतो. देवपित्यावर विश्वास ठेवता का? ठेवतो. ख्रिस्तावर? ठेवतो. पवित्र आत्म्यावर, पवित्र चर्चवर? ठेवतो. बहुतेकांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला, त्या वेळी आईबापांनी आणि धर्ममातापित्यांनी त्यांच्या वतीने उत्तरं दिलेली. या रात्री प्रत्येक जण ती उत्तरं स्वतःच्या तोंडाने देतो, तीही मोठ्याने, शेजाऱ्याला ऐकू जातील अशी.

याला आम्ही बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण म्हणतो. माझ्या मते त्याचं सगळं वजन त्या 'शेजाऱ्याला ऐकू जाणं' यात आहे. मनातल्या मनात दिलेलं वचन मोडलं तर देवाखेरीज कुणाला कळत नाही. इथे मात्र माझ्या उजवीकडच्या बाईंनी ऐकलेलं असतं की मी द्वेष सोडते म्हणाले. सोमवारी भाजीच्या गाडीपाशी त्या भेटणार असतात.

म्हणूनच चर्चने ईस्टरचा सण एका दिवसात आटोपलेला नाही. तो पन्नास दिवस चालतो, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत. चौथ्या शतकात एजेरिया नावाची यात्रेकरू बाई जेरुसलेमला गेली होती. तिने लिहून ठेवलंय की ईस्टरला बाप्तिस्मा घेतलेल्यांना पुढचे आठ दिवस बिशप रोज जवळ बसवून त्या रहस्यांचा अर्थ समजावत आणि ऐकणारे इतक्या जोरात जयजयकार करत की आवाज बाहेरपर्यंत जाई. म्हणजे खरं शिक्षण सणानंतर सुरू व्हायचं.

जुन्या वळणाच्या धर्मग्रामात या पन्नास दिवसांत काय होतं? ईस्टरचं पाणी घेऊन फादर घरोघरी जातात, खोल्याखोल्यांतून शिंपडतात, चहा घेतात. या चहावर माझा फार विश्वास आहे. कुणाचा मुलगा तीन महिने घरी बसून आहे, कुणाच्या घरात दारू शिरलीय, कुठल्या आजीला जिना उतरता येत नाही, हे कबुलीच्या खुर्चीत कमी कळतं, चहाच्या वेळी जास्त. मग आजीकडे दर आठवड्याला ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, न्यायची कुणावर तरी जबाबदारी येते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक दोघादोघांनी गरीब घरांना भेटी देतात. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसोबत सुरू केलेलं हे काम, आज पुण्याच्या वस्त्यांतही चालतं. तिथे पैसे नुसते हातात ठेवायचे नाहीत, जाऊन बसायचं, ही पद्धत तेव्हापासूनची.

आता माझी काळजी सांगते. धर्मग्राम आतून सैल होत चाललाय. पूर्वी माणूस हद्दीतल्या चर्चला जायचा. आज खराडीचा माणूस गाडी काढतो आणि जिथे गाणारे चांगले, पार्किंग सोपं, प्रवचन छोटं, तिथे जातो. त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही, दमलेला असतो तो. पण मग मेणबत्ती पेटवून देणारा शेजारी त्याचा कुणीच लागत नाही. त्याने 'करतो' म्हटलेलं ऐकायला ओळखीचं कुणी नसतं. २०२० च्या १२ एप्रिलला, टाळेबंदीत, आम्ही सगळ्यांनी ईस्टर मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, आणि ज्यांनी ते प्रक्षेपण केलं त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण काही जण त्या पडद्यावरून परतलेच नाहीत, आणि त्यांना कुणी आणायला गेलं नाही, हे मला जास्त लागतं.

दुसरी गोष्ट भाषेची. इंग्रजी, मराठी, कोकणी, तमिळ, मलयाळम, प्रत्येकाची मिस्सा वेगळी. रविवारी ते असायलाच हवं. आमच्या मराठी मिस्साला ढोलकी आणि टाळ नसले तर मला स्वतःला चुकल्यासारखं होतं, आणि ती मराठी मिस्साही जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला वाट मोकळी केली म्हणून मिळाली. पण ईस्टरच्या रात्री एका हद्दीतल्या लोकांनी भाषेप्रमाणे वेगवेगळ्या वेळी जमावं, हे मला पटत नाही. सात वाचनं आहेत ना? एक मराठीत करा, एक तमिळमध्ये, एक कोकणीत. समुद्र ओलांडण्याचं वाचन मलयाळममध्ये झालं तर मला शब्द कळणार नाहीत, पण कुठलं वाचन चाललंय हे पक्कं ठाऊक असेल. माझ्या आईने पहिल्या रविवारी तेवढ्याच आधारावर पुण्यात पाय रोवले.

आमच्या धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळापुढे मी या वर्षी दोन विनंत्या ठेवल्या आहेत. पुढच्या ईस्टरचा जागर सगळ्यांचा मिळून एक व्हावा, ही पहिली. आणि त्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येकाला एकेक कुटुंब जोडून द्यावं, वेगळ्या भाषेचं. पेंटेकॉस्टपर्यंत दर आठवड्याला त्या घरी जेवायला बोलवायचं. पहिल्या विनंतीवर बरीच चर्चा झाली, वेळेचे आणि गायकांचे प्रश्न निघाले, अजून निर्णय नाही. दुसरीसाठी मात्र बैठकीतच तीन घरांनी नावं दिली, त्यांतलं एक तमिळ आहे, एक मंगळूरकडचं आणि एक आमच्या नगरकडचं. आणखी घरं हवी आहेत. तुमच्यापैकी कुणी आमच्या हद्दीत राहत असाल तर कार्यक्रम संपल्यावर मला भेटा.