विरक्त नायक नेमका कुठे घसरतो?

नमस्कार! कादंबरीत साधू आला की आपण लगेच ताडतो, आता एक सुंदर बाई येणार आणि महाराज घसरणार. बाई येतेही. पण चांगल्या लेखकाला त्या घसरण्यात फारसा रस नसतो. त्याचा डोळा असतो विरक्ताच्या अहंकारावर.

हर्मन हेसची ‘सिद्धार्थ’ घ्या, १९२२ची. हा सिद्धार्थ म्हणजे गौतम बुद्ध नव्हे बरं का! हा बुद्धांना भेटतो, त्यांचं ऐकतो आणि शिष्य न होता निघून जातो. आधी श्रमणांबरोबर उपास, मग शहरात कमला नावाची गणिका, कामस्वामीकडे व्यापार, दारू, जुगार. सगळं होतं. पण गंमत बघा, भोवतालच्या संसारी लोकांना तो मनातून पोरकटच समजत असतो. भोगातही वैराग्याचा ताठा काही सुटत नाही.

तो ताठा मोडतो फार उशिरा, नदीवर नावाडी झाल्यावर. कमला साप चावून मरते आणि दोघांचा अकरा वर्षांचा मुलगा त्याच्या पदरात येतो. लाडावलेला, हट्टी. सिद्धार्थ त्याची मनधरणी करत राहतो. एक दिवस पोरगा पैसे उचलून, नाव घेऊन पळून जातो. उपाशी राहणं, वाट बघणं ही ज्याची कमाई, त्या माणसाचं इथे काही चालत नाही. नावेत लेकरं घेऊन बसणाऱ्या साध्या माणसांचा त्याला हेवा वाटू लागतो! शेवटच्या साक्षात्कारापेक्षा मला हाच भाग मोठा वाटतो. स्वतः हेसचंही लेखन मध्ये वर्षभराहून जास्त अडलं होतं. तपस्वी कागदावर भराभर उतरला, पुढचा माणूस काही उतरेना.

टॉलस्टॉय आणखी निर्दय. ‘फादर सर्जियस’मधला साधू मोह टाळायला कुऱ्हाडीने स्वतःचं बोट तोडतो. मोह टळतो. मग नाव होतं, दर्शनाला गर्दी लोटते आणि त्या कौतुकाने तो आतून पोखरला जातो. पुढे एका व्यापाऱ्याच्या मुलीपाशी जे घडतं ते फक्त शेवटचा धक्का. मग सगळं सोडून तो लहानपणीच्या ओळखीच्या पाशेंकाकडे जातो. जिला तेव्हा सगळे हसायचे, ती आता संगीताच्या शिकवण्या करून लेकीचा संसार ओढतेय. धड प्रार्थना होत नाही म्हणून तिलाच लाज वाटते. सर्जियसला मात्र कळतं, देवासाठी जगली ती हीच.

माझी एक तक्रार आहे. या बायका येतात त्या नायकाला शहाणं करायला. त्यांच्या स्वतःच्या शोधाचं काय? खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) भोगी ययाति आणि विरक्त यति सख्खे भाऊ आहेत, आणि बाईकडे माणूस म्हणून बघणं दोघांनाही जड जातं. पण तिथे देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतःच्या तोंडाने सांगतात.

वाचायला सुरुवात ‘सर्जियस’पासून करा. छोटी आहे, एका बैठकीत होईल.